वरचं, खालचं

डॉक्टर श्रीलता दंडाला पट्टा गुंडाळतात,
म्हणतात, बोलू नका, पाय जमिनीवर टेकवा.
टेकवायला जमीन होती, मॅडम,
इथंच, दवाखान्याच्या मागं.
पण बोलायचं नसतं.
पट्टा फुगत जातो.
बा असाच दंड धरायचा,
पोर चिखलात घसरू नये म्हणून.

वरचं एकशेचौसष्ट, खालचं एकशेदोन.
गोळी रोज एक, न चुकता.
आणि काका, मीठ कमी.

मीठ!
आमचं आगर होतं करावे गावाखाली,
म्हणून तर आम्ही आगरी.
आता तिथं अठरा मजले आहेत
आणि तळघरात गाड्या झोपतात.
बा फळीनं मीठ ओढायचा भर वैशाखात.
त्याच्या घामाची आणि मालाची चव एकच होती,
मी दोन्ही चाखलंय, त्याच्या खांद्यावर बसून.

आता चांगुणा सकाळीच वाटीत काढून ठेवते
माणशी एक चहाचा चमचा, तोही सपाट.
संपलं की संपलं.
सुकटीची बरणी माळ्यावर गेली.
लोणच्याला कुलूप नाही,
पण चांगुणाला डोळे आहेत.
पहिला आठवडा आमटी भिंत चाटल्यासारखी.
मग तिनं लसूण ठेचला, कोकम वाढवलं,
आणि तिसऱ्या आठवड्यात कधीतरी कळलं
की वालाला स्वतःची चव असते.
साठीला आलो आणि हे आत्ता कळतंय.
तंबाखू सुटली.
खिसा अजून चाचपला जातो.

पहाटे सव्वापाचला नेरुळच्या तळ्याभोवती चालतो,
चार फेऱ्या.
हसुरामही चालतो. चुलत भाऊ.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरून
चौदा वर्षं आम्ही बेलापूरच्या कोर्टात.
मी घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, तो उलटा,
त्यामुळं दर फेरीत दोनदा
तोंड फिरवावं लागतं.
मानेचा व्यायाम आपोआप होतो.

तारखेच्या आदल्या रात्री झोप येत नाही.
सकाळी वरचं एकशेसत्तर.
चांगुणा वहीत आकडा लिहिते,
शेजारी बारीक अक्षरात: कोर्ट.

परवा हसुराम बाकावर बसलेला दिसला,
गुडघ्यांवर हात, मान खाली.
मी पुढं गेलो. अर्धी फेरी गेलो.
मग वळलो,
चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या दिशेनं चाललो.
मध्ये एका माणसाची जागा सोडून बसलो.
पाण्यात बगळा, एकाच पायावर,
त्याला कसलीच घाई नाही.

"नुसता दम लागलाय," तो म्हणाला, न विचारताच.
मग बऱ्याच वेळानं, पाण्याकडंच बघत,
"तुजं किती?"
"एकशेचाळीस. खालचं अठ्ठ्याऐंशी."
"माजं एकशेसाठ. गोली घेतो.
पन मीठ सुटत नाय रं."
"आपल्याला सुटंल कसं?"
तो हसला. दातांतली फट
आज्याच्या फटीसारखीच.
आजा सांगायचा, खाल्ल्या मिठाला जागा.
जागलो की आम्ही!
रात्र रात्र जागलो,
एकमेकांच्या कागदांवर,
एकाच आगराचं खाल्लेलं मीठ
दोघांच्या रक्तात उसळत.

"डॉक्टरला दाखव," म्हटलं.
"शुक्रवारी जातो," म्हणाला.
एवढंच झालं.

केस मिटलेली नाही. तारीख एकोणीसची आहे,
आणि वकिलाला नको म्हणायला
जीभ अजून वळत नाही.
फक्त तो आता माझ्या बाजूनं चालतो,
अर्धं पाऊल मागं,
गुडघेदुखी, नातवंडं, दुधीचा भाव असं काहीबाही बोलत.
प्लॉटचं नाव दोघंही काढत नाही.

आज वरचं एकशेचौतीस.
चांगुणानं पेन थांबवलं,
"शेजारी काय लिहू?"
म्हटलं, राहू दे कोरं.