मानशीचं दार

भरती रेटते तेव्हा दार आपसूक मिटतं,
ओहोटीला उघडतं.
इनास म्हणतो, माझं काम फक्त जागं राहण्याचं.

जुवें बेटावर कोरगुट उभं आहे
घोटाभर मचूळ पाण्यात.
खत नाही, फवारा नाही.

पणजीहून आलेला माणूस बांधावरूनच हिशेब सांगतो :
फुटू दे बांध, बारमाही कोळंबी घे, दहापट.
इनास ऐकतो.
ऐकता ऐकता वाकतो,
कुर्लीनं पोखरलेल्या भोकात
चिखल कोंबतो, वर गवताचा बोळा,
टाचेनं दाबतो.
"शेजारच्या कुणग्यात आंजेलचं भात आहे,"
एवढंच.

रात्री ओहोटीच्या तोंडी जाळं :
शेवटे, काळुंद्रं.
बोटाएवढी पिल्लं परत नदीत.

घरी फिलू पेजेत मीठ घालायला विसरते.
विचारलं तर म्हणते,
नदीनं घातलं असेल.