कशावर चालतं

कोपरखैरण्याच्या भाड्याच्या खोलीत
तीन महिने आमचं एकच भांडण.
वैती म्हणायचा, लिनक्स.
कुणाच्या बापाचं देणं लागत नाही,
पाहिजे तिथे हात घालून बघता येतं,
घर कसं आपलं असावं,
आठ बाय दहाचं का होईना.
मी म्हणायचे, मॅकवर काढू.
तिथली माणसं पैसे मोजतात,
वर बटणांच्या गोल कोपऱ्यांचं कौतुकही करतात.
मॅक आमच्यात कुणाकडेच नव्हता.
माझ्या मावसभावाकडे होता, तो पुण्याला.

भिंतीवरच्या तक्त्यात
'गिऱ्हाईक' या रकान्याखाली
कित्येक दिवस नुसतं प्रश्नचिन्ह.

शेवटी एका बुधवारी तुर्भ्याला गेलो,
मसाला मार्केटात, धनजी छेडांच्या गाळ्यावर.
आत पाऊल टाकताच दोघांना शिंका.
पोत्यांच्या आडोशाला, लाकडी खोक्यावर
विंडोज सेव्हनचा डबा,
दसऱ्याचं कुंकू अजून कपाळावर,
पंख्याच्या जाळीत बेडगी मिरचीचा लाल थर.
कीबोर्डवरचे आकडे पार झिजलेले,
अक्षरं कोरी करकरीत.

मुनीम काशिनाथ मढवी पावत्या लावत बसलेले.
मी विचारलं, काका, हे कशावर चालतं?
मान वर न करता म्हणाले,
"उधारीवर."

वैती हसला.
मढवी हसले नाहीत.
सांगलीची हळद नव्वद दिवसांनी,
गुंटूरची मिरची पंचेचाळीस,
जिऱ्याचा भरवसा नाही.
एवढं मावेल तुमच्यात?
आणि आहे त्या डब्यावर चालेल ना?
नवीन घ्यायला शेठ नाही म्हणणार,
आणि घेतलाच, तर शिकायला मी नाही म्हणणार.
दोन वर्षं उरलीत माझी.

सुरक्षिततेबद्दलचं एक वाक्य
मी घरून पाठ करून आणलं होतं.
ते गिळलं. तिखट लागलं.

परतताना रिक्षात
वैतीने लॅपटॉपवरचा पेंग्विन नखाने खरवडायला घेतला.
पोट निघालं, चोच निघेना.
मी म्हटलं, राहू दे.

रात्री भंगारवाल्याकडून तसाच एक डबा आणला,
अडीच हजारांना, माऊस फुकट.
चालू व्हायला चार मिनिटं घ्यायचा.
त्या चार मिनिटांत वैती हळूच म्हणाला,
हिशेबाचं पोट वेगळं ठेवू,
खिडक्या-दारं तेवढी ह्यांची.
उद्या घर बदललं
तर सामान उचलून निघता येईल असं.
मी हो म्हटलं.
असं घाईत दिलेलं हो
नंतर किती रात्री खातं, ते तेव्हा माहीत नव्हतं.

तक्त्यावरचं प्रश्नचिन्ह पुसून लिहिलं:
मढवी. दोन वर्षं.

पडदा उजळला.
आतला सेल कधीच मेलेला,
त्यामुळे मशीनच्या मते आज
एक जानेवारी, दोन हजार नऊ.
म्हणजे बाजारातली सगळी उधारी
अजून व्हायचीच होती.