तीन मिनिटं चाळीस सेकंद

सात वर्षं ती ताडपत्रीखाली होती,
लानेल्लीच्या खाऱ्या ओलीत,
अठ्ठ्याऐंशी सालची फिएस्टा, रंग विटकरी,
म्हणजे मुळात लाल.

मार्चात माझं लायसन टपालाने परत आलं.
सोबत पत्र: बारा महिने काही झालेलं नाही, सबब.
'सबब' माझा. त्यांची भाषा जास्त गुळगुळीत होती.
त्याआधी दोनदा अकराव्या महिन्यात
पुन्हा एकपासून मोजायला लागलं होतं.

शेजारचा एमरिस पान्यांची पेटी घेऊन आला.
पत्र्याच्या कारखान्यात तेहेतीस वर्षं,
गुडघे आता वाकत नाहीत,
म्हणून तो सांगणार आणि मी खाली शिरणार, असं ठरलं.
त्याला पिंपळखरेमधला ळ येत नाही,
मला त्याच्या गावाचं नाव:
जीभ टाळूला लावायची आणि कडेने वारा सोडायचा,
बशीतल्या चहावर फुंकर घालावी तसा.

जुनं पेट्रोल नळीने ओढून काढलं.
वास रंगाच्या दुकानाचा, बादलीत गढूळ काकवी.
बॅटरी नवी. फिल्टर नवा.
प्लग पुसले, कार्ब्युरेटरच्या भोकांतून
तांब्याची एक तार फिरवली,
लहान मुलाचा कान कोरावा तशी.
चोक ओढला. किल्ली.

लागली!
एमरिसने टोपी काढली.
तीन मिनिटं चाळीस सेकंद
सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी चालली,
मग खोकली नाही, गचके दिले नाहीत,
नुसती गेली,
बोलता बोलता कुणी वाक्य विसरावं तशी.

दहा मिनिटांनी पुन्हा लागली.
तीन पस्तीस.
पुन्हा. चार मिनिटं पाच.

"लिहून ठेव," एमरिस म्हणाला.
घरात एकच वही सापडली,
नर्स नेस्टाने दिलेली, माझ्या फिटांची.
तारीख, वेळ, किती सेकंद, झोप किती झाली होती,
कोण जवळ होतं.
त्या रकान्यात बहुतेक वेळा: कोणी नाही.
वही उलटी केली, मागून सुरुवात केली.
तारीख, वेळ, किती सेकंद.
हात सवयीने पुढचा रकानाही आखून गेला.
कोण जवळ होतं: एमरिस. एमरिस. एमरिस.

त्याने वही लांब धरून वाचली, चष्मा घरी होता.
"थोडं थांबलं की बरी होते," म्हणाला.
"पेट्रोल आहे. टाकीला कोंडलंय.
झाकण उघड बघू."
उघडलं. कुकरच्या शिट्टीच्या बरोबर उलट:
वाफ बाहेर नाही, हवा आत.

मग मी गाडीखाली. मागच्या चाकाशी बोटाएवढी नळी,
टाकीचं नाकच म्हणा.
तोंडाशी माती. खिळ्याने टोकरली,
तर चिखल नव्हे, घर निघालं,
एकामागे एक पाच खोल्या, लिंपून गुळगुळीत केलेल्या.
त्याच्या भाषेत ती माशी गवंडी.
"कुंभारीण!" मी गाडीखालून ओरडले.
इतक्या वर्षांत हा शब्द कुठे ठेवला होता, कोण जाणे.

दोन खोल्या बंद होत्या. आत कोणी असेल.
काड्यापेटीत कापूस घालून त्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवल्या,
उन्हात. एमरिस म्हणाला,
इथल्या उन्हाचा काय भरवसा.

यानंतर गाडी चालत राहिली.
पाच मिनिटं. नऊ.
एमरिसचा चहा निवला,
तो बायकोला औषध द्यायला घरी गेला.
मी आत बसून राहिले, गिअर न टाकता,
वही मांडीवर, डोळा घड्याळावर,
दर मिनिटाला आता, आता, असं म्हणत.

शेवटची नोंद: चाळीस मिनिटं.
कोण जवळ होतं: कोणी नाही.
मग मीच बंद केली.