समास

बुधवारचा अभ्यासवर्ग या वेळी आमच्याकडे होता,
ऐरोली, सेक्टर सात, चौथा मजला, लिफ्ट बंद.
पाळक पंडागळे धापा टाकत आले, तांब्याभर पाणी प्यायले
आणि म्हणाले, आज शास्त्रातल्या प्रीतीच्या गीतांकडे वळू.
पण सांभाळून.

सांभाळून म्हणजे असं:
नवरा म्हणजे प्रभू, नवरी म्हणजे मंडळी,
गळ्यातला हार म्हणजे आज्ञापालन,
दोन स्तन म्हणजे (इथे आवाज बारीक) दोन करार.
दीनाबाईंनी पदर सारखा केला.

ओबेद पुण्याहून शिकून आलेला, त्याला राहवेना.
म्हणाला, ही राखणीला बसलेल्या पोरापोरींची गाणी.
लग्नाच्या मांडवातली असतील. त्यात देह आहे, तो देहच आहे.
मग ती शास्त्रात कशाला? पंडागळ्यांनी विचारलं.
म्हणूनच, म्हणाला ओबेद.
पुढे बराच वेळ पंखाच बोलत होता.

मी कोपरखैरण्याच्या शाळेत एकतीस वर्षं व्याकरण शिकवलं.
मला वाटलं, पाळक बहुव्रीही वाचतायत:
दोन्ही पदं गौण, खरा तो तिसराच, कुठेतरी वर.
आणि ओबेदचा द्वंद्व: ती आणि तो,
लोप पावलाय फक्त 'आणि'.
विग्रह करा, मी मुलांना सांगायची, म्हणजे कळेल.
विग्रह म्हणजे भांडण,
विग्रह म्हणजे देहसुद्धा,
हे सांगायचं दरवर्षी राहून जायचं.

माझा चष्मा दुरुस्तीला, म्हणून आमोसची प्रत घेतली होती,
मोठ्या टाइपाची. ते गेल्यापासून कपाटात.
नेमकी त्याच पानांवर आपसूक उघडली,
जशी रोजची वाट असावी.
समासात पेन्सिल. रबाळ्याच्या टूलरूममधली, कडक शिशाची,
कागदात रुतलेली.
एका ओळीशेजारी 'पाळकांना विचारणे'.
ते खोडून, खाली: 'हिला विचारणे'.
आणि पुढच्या पानावर, काही न सांगता, फक्त
'अगं'.

कधी विचारलं नाही त्यांनी.
रात्रपाळीहून यायचे, डबा घासून ठेवायचे,
खाडीकडची खिडकी उघडून उभे राहायचे.
वाटायचं, दमलेत.

पुरणपोळीत 'भरून केलेली' हे शब्द कुठे दिसत नाहीत,
पण तोंडात येतं ते तेच.
मध्यमपदलोपी. दोन मार्कांचा प्रश्न.

बाई, तुमच्या प्रतीत काही वेगळं आहे का? पाळकांनी विचारलं.
टाइप मोठा आहे, म्हटलं.

माझी पाळी आली तेव्हा उठून उभी राहिले
आणि अख्खा अध्याय वाचला, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा,
एकही शब्द न सांभाळता.
दीनाबाई माझ्याकडे बघत होत्या, पदर तसाच.
खालून कुणीतरी ओरडलं, लिफ्ट चालू झाली.