कडीचं नाणं

चोपड्याला गेलो की टाटियाशेठ
मोडीचं ताट माझ्याकडे सरकवतात.
तोरड्या, वाकी, करगोट्याच्या तुटक्या साखळ्या,
त्यात वर्षा-दोन वर्षांतून एखादा फिरंगी.
मी उचलला नाही तर
संध्याकाळी तोही मुशीत.

अकरा आहेत माझ्याकडे. सावद्याला,
खोकल्याच्या गोळ्यांच्या चपट्या डब्यात,
फलालिनच्या तुकड्यांत गुंडाळलेले.
दिवसभर मी कागदावर केळीच्या गाड्या भरतो,
घड किती, घट किती, आजचा भाव काय.
रात्री भिंग.
ओकच्या पानांतला लुई फिलिप,
आधी बोडका, मग पानं घातलेला तिसरा नेपोलियन,
आणि केसांत कणसं माळलेली ती बाई,
जिला मी पहिल्यांदा ज्वारीवाली समजलो होतो.
मला येणारं सगळं फ्रेंच गोल आहे.
सरळ ओळीत लिहिलं तर
एक अक्षर लागणार नाही.

बारावं ताटात नव्हतं.
ते अजून गळ्यात होतं,
अडावदच्या दगूबाईंच्या, काळ्या दोऱ्यात.
एक डोळा झाला, दुसऱ्याचं ऑपरेशन बाकी.
काचेवर ठेवताना म्हणाल्या,
‘हाऊ ते दोन बायकास्ना दादला शे!’
आणि स्वतःच हसल्या.
मधे हर्क्युलस, दोन्हीकडे दोघी,
एक स्वातंत्र्य, एक समता.
मी दुरुस्त केलं नाही.

अडीच तोळे, शेठ म्हणाले, टंच नव्वद,
कडीचं डाग वजा.
छातीकडच्या बाजूनं साल गेलेलं:
१८७ पर्यंत वाचता येतं,
पुढचा आकडा घामानं नेला.
माझ्या पुस्तकात अशा नाण्याला किंमत नाही.
कडी लावलेलं म्हणजे बिघडवलेलं, एवढंच लिहिलंय,
ते कापसाच्या पैशात आलं की
कुणा खलाशाच्या खिशातून, ते नाही.

‘काढून देऊ कडी?’ शेठनी फुंकणी हातात घेतली.
‘पाच मिनिटं.’
मी नाण्याची कड बोटानं फिरवत होतो.
तिथं उठावाची अक्षरं असतात,
ताटात पडलं तर दिसत नाहीत.
‘काय लिखेल शे?’
देव रक्षण करो, मी म्हणालो.
‘कोनले?’

फ्रान्सचं, असं म्हणायला तोंड उघडलं
आणि बोट कडीपाशी आलं.
कुणा सोनारानं, कधीतरी,
एक अक्षरही न वाचता
नेमका तोच शब्द डागाखाली घातला होता.
देव. रक्षण करो. मग चांदीचा एक ओबडधोबड थेंब.

‘घालेल त्याचं,’ मी म्हणालो.
शेठनी फुंकणी खाली ठेवली, 
पैसे दोनदा मोजले.
दगूबाईंनी ते न मोजता कमरेला खोचले,
आणि नाणं माझ्याकडे सरकवण्याआधी
दोरा तेवढा ओढून घेतला.
बोटाला गुंडाळत पायऱ्या उतरल्या,
बऱ्या डोळ्याच्या बाजूनं.