सातवा रकाना

तोर्शहाव्नच्या छापखान्यात
वार्षिकाचा सातवा रकाना अजून कोरा: विचारसरणी.
पक्षाला मतं एकशे बारा,
त्यातली नव्वद एकाच खाडीच्या काठची.

ट्रोन्दुर म्हणतो, लिही डावे,
मासळीचा कोटा विकू नका म्हणतात.
हेरबोर्ग चष्मा कपाळावर सारते,
आणि रविवारी दुकानं बंद ठेवा म्हणतात, ते?
मग मध्यममार्गी. मग त्याच्याआधी आणखी एक शब्द,
मग दोन शब्दांमधल्या रेघेवरून
कॉफी निवेपर्यंत भांडण.

शेवटी मी संस्थापकाच्या घरी फोन लावला.
बायकोने उचलला. मागे मेंढ्या.
तो गेला फेब्रुवारीत, म्हणाली,
धुकं होतं, बोट सुटलीच नाही,
डॉक्टर पलीकडे.
त्याला डोंगरातून बोगदा हवा होता.
तेवढंच.

फोन ठेवला. जरा वेळाने
ट्रोन्दुर हळूच म्हणाला, बोगदा म्हणजे सरकारी खर्च,
म्हणजे तसं पाहिलं तर...
हेरबोर्गने नुसतं पाहिलं त्याच्याकडे.

रकान्यात मी एक आडवी रेघ ओढली,
या कडेपासून त्या कडेपर्यंत.

छापून आलं तेव्हा
तिथे होतं: इतर.