उंबरठ्यावर

कूलरच्या टाकीत दोन बादल्या पाणी ओतून
आम्ही दोघं भाऊ खेळायला बसतो.
इंदोऱ्यातली मे महिन्यातली दुपार,
गल्लीत कुत्रंही नाही.

ह्या खेळातला नायक काहीच बोलत नाही.
गावातली माणसं त्याला सगळं सांगतात,
हरवलेली शेळी, बुडालेला नवरा, डोंगरातलं जनावर.
तो फक्त मान हलवतो
आणि ते त्याच्या हाती तलवार देतात.

मला मिहानमध्ये नाव विचारलं होतं.
फक्त नाव.
द. द. द.
समोरच्या बाईंनी कागदाकडे पाहिलं,
"दीक्षांत ना? लिहिलंय इथे."
चांगल्या होत्या बिचाऱ्या.
बाहेर गाडीची सीट पोळत होती, तसाच बसलो.
घरीही आई माझं वाक्य
हातातली जड पिशवी घ्यावी तसं घेते.

इथे नाव टाइप करायचं असतं.
पहिल्याच अक्षराला दार उघडतं.

आज मात्र तो किल्ल्याच्या उंबरठ्यावर अडकला.
पाय चालताहेत, जागा सरकत नाही,
खांदा त्याच चौकटीला
पुन्हा, पुन्हा, पुन्हा.
सुगत म्हणाला, "हँग झाला बे हा.
बंद करून चालू कर नं."

मी कंट्रोलर पाठीमागे धरला.
"थ... थ... थांब.
ज... जा..."

कूलर घरघरत होता.
पडद्यावरचा तो अजून चालतच होता.
सुगत माझ्या तोंडाकडे बघत राहिला,
मधे एक अक्षरही न टाकता.

"...जाईल तो."